पारंपरिक

तबकडीच्या लाल कागदावर गायिकेचं नाव आहे,
सारंगीवाल्याचं आहे, कंपनीचं तर आहेच.
गीत आणि चाल यांच्यापुढे छापलंय : पारंपरिक.

त्या साली परंपरा
तळाशीलला मांगरापुढे बसून बांगडे चिरत होती,
मिठाने बोटं फाटलेली, वय एकतीस,
नाव द्वारकी मेतर.
माझी मोठी मावशी.

गाणं तसं दोनच ओळींचं,
बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं :
पागात गावला चांदणा गो,
घराक नेऊ काय सोडू?

कुमुद वालावलकरांनी पाग पाहिला नव्हता.
गिरगावच्या स्टुडिओत कुठून दिसणार?
त्यांनी गायलं, 'बागेत'.
आवाज मात्र असा, की तबकडी लागली
की आमच्या अंगणातलं कुत्रंसुद्धा बसकण मारायचं.
तीन मिनिटं संपली म्हणून तिसरं कडवं गळलं.
पुढे ज्यांनी ज्यांनी गायलं
त्यांनी तबकडीवरून उचललं,
त्यामुळे कडवं गळलेलंच राहिलं
आणि बाग वाढत गेली, कुणी त्यात मोगराही लावला.

वेंगुर्ल्याच्या सायमन लोबोने शब्दच टाकून दिले.
क्लॅरिनेटवर घेतलं, वरातीच्या चालीत,
नवरदेव पारावर पोचेपर्यंत चार वेळा.

भिवा तेंडोलकराने लुगडं नेसून
दहीकाल्याच्या रात्री गायलं, कुणीतरी टेप केलं.
'घराक नेऊ' म्हणताना त्याने काय केलं, दिसत नाही.
कॅसेटमध्ये लोक अकरा सेकंद हसतात,
मग एक पोर रडतं.

माझं दुकान मालवणला, भरडावर.
तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचो, आता मोबाइलच्या काचा बसवतो.
एकदा मावशी दाढेसाठी डॉक्टरकडे आली होती,
तिला बाकड्यावर बसवून तिन्ही ऐकवली,
एकामागोमाग एक.
गालात लवंग धरून ती ऐकत राहिली.
बागेवर काही बोलली नाही.
भिव्याला हसली.
क्लॅरिनेट संपल्यावर म्हणाली,
"ह्यो एकटोच चुकाक नाय."

म्हटलं, आता तू गा. नवी कोरी कॅसेट घातली.
तिने गायलं. दाढेमुळे 'ग' नीट उमटत नव्हता.
मागून एसटीचा हॉर्न, समोरच्या हॉटेलात बशा.
दोन कडवी झाली आणि थांबली.
"तिसरां?" मी विचारलं.
"तां बंद कर आधी."
मी बटण दाबलं.
मग तिने ते सांगितलं. गायलं नाही, सांगितलं,
पापलेटचा भाव सांगावा तसं :
चांदणा इला घराक गो,
पाग टाकणारो खय रवलो?

माझा मावसा कसा होता, हे घरात कुणी बोलत नसे.
एक फोटोही नव्हता.
मावशीने पिशवी उचलली, म्हणाली,
दोनची गाडी चुकेल.

त्या कॅसेटला नंतर बुरशी लागली.
इथली हवाच तशी, खारट, ओली.
स्पिरिटने पुसली, फीत पेन्सिलीने गुंडाळली,
आता आवाज पाण्याखालून येतो
आणि हॉर्नच तेवढा स्पष्ट.

यंदा गणपतीत बंदराकडे जाताना
ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून ते परत आलं.
गाण्यातला 'सोडू' एवढाच शब्द उरला होता,
तोही चाळीसदा, खाली धडधड.
दुकानाच्या काचा थरथरल्या.
पोरं नाचत होती, छान नाचत होती,
त्यातलं एक मावशीचा पणतू.

मी शटर अर्ध्यावर ओढलं,
मोबाइलचे स्क्रू चिमट्याने डबीत भरायला लागलो.
तिसरं कडवं मला येतं. आता मलाच येतं.
म्हणून पाहावं, कुणी ऐकत नाही तोवर,
म्हणून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली,
आणि तोंडातून निघालं,
बागेत.