तिळाएवढं

अस्माराच्या उंचावरच्या थंडीत, कॉफीचा वास सुटायच्या आधी
तेकेस्ते शटर अर्धंच उचलतो.
वाकून आत यायचं. सायकलही वाकवून.

भिंतीवर पोलादी फूटपट्टी.
तिच्यावरचे आकडे अंगठ्यानं पुसून गेलेत,
बारा तेवढा शाबूत.

मी पेडल उलटं फिरवते. तो बघत नाही, ऐकतो.
"मासावाचा घाट यंदा किती वेळा चढलीस?"
"मोजलं नाही."
"हिनं मोजलंय," म्हणतो, आणि चेनला पट्टी लावतो.

चेन ताणली जात नाही, हे त्याच्याकडूनच कळलं मला.
पोलाद काही रबर नाही.
प्रत्येक पिन आपापल्या भोकात जराशी झिजते,
आणि शंभरावर पिनांची ती जरा जरा
एका लांबीत गोळा होते.
बारावर यायला हवी ती पिन
पुढं गेलीय. तिळाएवढी.

"अर्धा तीळ असता तर चेनवर भागलं असतं.
आख्खा तीळ म्हणजे मागचे दातेही गेले."
बोट फिरवून दाखवतो: एका अंगाला कललेले, पातळ,
मासावाच्या बाजारात मुशीचा पर असतो तसे.

मी पिशवीतून मोजे काढते. मोज्यात नवी चेन.
बोलोन्याच्या आतेबहिणीनं, सेनाइतनं,
कुणाच्या तरी सुटकेसमधून पाठवलेली, ईस्टरला.
आठ महिने ट्रंकेत. चांगली वस्तू, म्हणून जपलेली.

तेव्हाच घातली असती तर दाते वाचले असते.
हे तो बोलत नाही.
मोज्यांची मात्र दोनदा घडी घालतो.

"लावून तर बघ."
लावतो. गल्लीच्या चढाला मी पेडलवर उभी राहते
आणि चेन दात्यावरून उडी मारते, कड्ड,
गुडघा हँडलवर.
बेकरीतला पोऱ्या हसतो.

तेकेस्ते जुनीच पुन्हा चढवतो.
"यांनी एकमेकांना झिजवलंय. आता यांचं यांनाच जमतं.
पार घसरेपर्यंत चालव.
मग दोन्ही एकदम मेदेबेरात, भंगारवाल्यांकडे."

कॉफीचा तिसरा पेला. त्याच चोथ्यावर तिसऱ्यांदा पाणी.
फिकी. पण बरकतीचा पेला हाच.

रात्री सेनाइतला लिहिते:
मागचे दाते पाठव. सात गिअरचे, चौदा ते अठ्ठावीस.
आले की त्याच दिवशी लावीन.
मोज्यात गुंडाळू नकोस.