मिठाची जागा

म्हातारा राजा होता तोवर मीठदाणी
टेबलाच्या मधोमध, खिळा ठोकल्यासारखी.
तिच्या वरच्या अंगाला सरदार, खाली बाकीचे.
ती मांडायचं काम माझं. सत्तावीस वर्षं.

फेब्रुवारीत हाल्वर गादीवर बसला.
खाडी गोठलेली, बापाच्या थडग्याचा चुना ओला,
आणि बापानं हद्दपार केलेला लाम्बेर
बर्फावरून घसरगाडीनं आला,
मांडीवर कुत्र्याचं पिल्लू घेऊन.

पहिल्याच रात्री राजानं मीठदाणी स्वतः उचलली
आणि त्या खलाशाच्या पोरापुढे ठेवली.
चमचे थांबले.
मी ती मागे घ्यायला गेलो. राजानं नुसतं पाहिलं.
मी हात पुसले.

‘कानामागून आला नि तिखट झाला,’ टोर्कील पुटपुटला.
लाम्बेर हसला. त्याला सगळं ऐकू यायचं.
दुसऱ्या दिवशी टोर्कीलचं नाव पडलं, थिजलेली चरबी.
बिशप झाले ओला बूट.
आणि ब्रोक, ज्याच्या पागेत चारशे घोडे,
तो मावशी.
नावं चिकटली. अचूक होती म्हणून चिकटली.
स्वयंपाकघरात आम्ही पोट धरधरून हसलो.
मीही. हे सांगून टाकलेलं बरं.

मग त्याला बेटाची जकात मिळाली,
मग राजा शिकारीला गेला तेव्हा
आठवडाभर राज्याचा शिक्का.
सरदार कोठारात जमू लागले, हेरिंगच्या पिंपांमागे.
परंपरा, धर्म, प्रजा असे शब्द बाहेर यायचे.
मला मात्र दर वेळी एकच ऐकू यायचं:
मावशी.

जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडत नाही.
जे केलं ते उजेडातच करावं लागलं.
ब्रोकनं मला जिन्यात गाठलं,
मागचं कुठलं दार उघडं असतं म्हणून विचारलं.
‘मिठाला जाग,’ म्हणाला.
कोणाच्या, ते नाही म्हणाला.
मी बोट दाखवलं.

लाम्बेरला नेलं तेव्हा एका पायात बूट नव्हता.
माझं नाव त्यानं कधी ठेवलं नव्हतं.
माझ्यापाशी जरा रेंगाळला,
आता सुचतंय अशा नजरेनं पाहिलं.
सुचलं नसेल. किंवा सुचलं, आणि बोलला नाही.

सरदार म्हणतात, घडी बसली.
मीठदाणी मी पुन्हा मधोमध मांडतो.
राजा जेवायला बसतो, काही न बोलता
ती चार बोटं सरकवतो
रिकाम्या खुर्चीकडे.
खुर्चीखाली कुत्रं. केवढं वाढलंय.
ब्रोक माझ्याकडे बघतो.
मी हात पुसत राहतो.