अर्धायुष्य

"दादा, ही मिळेल का?"
मोबाईल काचेवर टेकवून तो विचारतो.
मी फक्त "काय हवंय?" एवढंच म्हटलेलं.
मग मान वर करतो, टिकली बघतो, ओशाळतो.
"सॉरी ताई."
असू दे रे. सवय आहे.
बँकेतली मुलगी फोनवर म्हणते,
"सर, जरा मॅडमना देता का?"

सणस मैदानाला लागून आमचं मेडिकल.
पोलीस भरती निघाली की पहाटेपासून पोरं सोळाशे मीटर पळतात
आणि सातला माझ्या काउंटरवर उभी:
क्रेप बँडेज, इलेक्ट्रॉल, पोटरीचा स्प्रे.
हा मरळांचा प्रज्योत, वेल्ह्याकडचा.
त्याचा गोळा साडेसहा मीटरवर अडलाय.
गोळा लांब जावा म्हणून गोळी.
गोळीनं नाही भागलं तर सुई.
फोनमध्ये कुपीचा फोटो आहे,
फोटोत जिमवाल्याचा अंगठा.

डी.फार्मला पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न शिकवतात:
औषध शरीराचं काय करतं,
शरीर औषधाचं काय करतं.
शेवटी काय उरतं
हे परीक्षेला येत नाही.

तुला वाटतं, सुई दंडात म्हणजे औषध दंडात.
औषधाला पत्ता कळत नाही, प्रज्योत.
रक्त त्याला दारोदार फिरवतं
आणि त्याची किल्ली जिथे जिथे बसते
ते ते दार ते उघडतं.
दंडाचं उघडतं, खरंय. आरशात दिसतं.
पाठीवर पुरळाचं, टाळूवर टकलाचं.
यकृत बिचारं गाळत बसतं, बोलत नाही,
बोलतं तेव्हा डोळे पिवळे असतात.
काळीजही स्नायूच, तेही फुगतं,
पण भिंती जाड होतात आतल्या बाजूनं,
खोली लहान होत जाते.
आणि खाली, जी ग्रंथी रोज घरचा माल काढायची
ती बघते, माल बाहेरून येतोय, फुकट.
पाटी लावते: दुकान बंद.
आपल्या पेठेतल्यासारखं एक ते चार नाही रे.
कधी उघडणार, लिहिलेलंच नसतं.

त्याचे कान लाल होतात.
"जिमवाला म्हणतो, काही होत नाही."
त्याच्याकडे बिल माग. बॅच नंबर विचार.

मलाही कोणी तरी म्हणालं होतं.
एकोणीस वर्षांची होते, चार किलोचा गोळा,
सरांच्या डबीत गुलाबी गोळ्या. "व्हिटॅमिन आहे."
सरांना एकच पाढा पाठ होता:
शंभरचे पन्नास, पन्नासचे पंचवीस,
पंचवीसचे साडेबारा, मग सहा, मग तीन,
म्हणजे स्पर्धेच्या किती दिवस आधी थांबायचं
की बाटलीत काही सापडू नये.
पुस्तकात त्याला अर्धायुष्य म्हणतात.
शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्गातच हसू फुटलं,
सगळ्यांनी मागे वळून पाहिलं,
कोण मुलगा हसला म्हणून.

तेरा मीटर बेचाळीस. राज्यात तिसरी.
पाळी दोन वर्षांनी परत आली.
ओठांवरची लव मी काढून टाकते, दर गुरुवारी.
औषध तर कधीच निघून गेलं,
निम्मं निम्मं होत, सभ्य पाहुण्यासारखं.
आवाज निम्म्यानं परत येत नाही.

आई गेली त्या रात्री तिचे डोळे मिटलेले होते.
मी वाकून म्हटलं, "आई, मी आलेय."
ती म्हणाली, "आप्पा, पोरगी कुठंय?"

हे मी प्रज्योतला सांगत नाही.
दोन इलेक्ट्रॉल देते, सुटे मोजते.
म्हणते, उद्या सहाला ये गोळा घेऊन,
तुझा डावा पाय आधीच उघडतोय, मी पाहिलंय कुंपणावरून.
तो "बघतो" म्हणतो.
स्वारगेटपर्यंत अकरा दुकानं आहेत,
मी एकाच दुकानातून नाही म्हणू शकते.

फोन वाजतो. होलसेलवाल्याचा नवा पोरगा,
औषधांचे खोके घेऊन सारसबागेपाशी अडकलाय.
"सर, इथून कुठं वळू?
पत्ता सांगा ना, सर."

सांगते.