तालव्य, दंत्य

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
कुंद्याच्या दुकानावरचा जिना चढलो.
वरचा पुढचा दात गेला त्याला चौतीस वर्षं झालेली.

आता त्या जागी स्क्रू आहे, टायटॅनियमचा.
हाडानं तो धरला; हिरडीच कमी पडली,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतला करडा धातू दिसायचा,
ब्रश टेकला की रक्त.
"सर, हितं घट्ट कातडं पायजे," डॉ. सहना हुक्केरी म्हणाल्या,
"नाहीतर स्क्रू उघडा पडंल की."
कुठनं आणणार?
"तुमचंच. वरच्या अंगुळातनं."
कानडीत अंगुळ म्हणजे टाळू.
मला ऐकू आलं, अंगण.

नंदगडच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीला सांगितलं:
चहाचा च टाळूवर, चुलीचा च दातांमागे,
दिसायला एक, जिभेला दोन.
पुढं माझ्याच चुलीतून शिट्टी निघायला लागली.
पोरं पाटीआड हसायची.
परवा नातूही हसला, तेव्हा हा जिना चढलो.

आता टाळूचा तुकडा दाताशी.
तालव्याची दंत्यात बदली,
आणि मी जन्मभर बदलीचे अर्ज फेटाळले गेलेला मास्तर.

केसपेपर भरताना त्यांनी विचारलं, दात कसा गेला?

सगळ्या खानापूर तालुक्याला ठाऊक आहे.
लाठीनं. मोर्च्यात.
दरवर्षी नारळ, शाल, पहिल्या रांगेत खुर्ची.
मी कधीच लाठी म्हणालो नाही.
लोक म्हणाले.
मी फक्त ओठ वर करून दाखवला.

त्या फोटो उजेडाकडे धरून बघत होत्या.
"मार खालनं वर आलाय, सर."

पंख्याची दोन-तीन वळणं गेली.
शाळेचा हातपंप, म्हणालो. दांडा हातातून सुटला.
त्यांनी मान हलवली, लिहिलं: कैपंपु.
मला कानडी वाचता येतं
हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

"बायि तेगीरि."
करंगळीच्या नखाएवढा तुकडा, जाडी दीड मिलिमीटर.
ओल्या गॉजवर ठेवला, सुकला तर संपला.
मग केसाहून बारीक दोरा,
आणि पाच मिनिटं बोटानं दाबून धरणं,
खाली रक्त साचू नये म्हणून.
"दुखालंय काय?"
तोंड उघडं असताना नाही कसं म्हणायचं.

मदतनीस भारता गुरव, गर्लगुंजीची.
ती म्हणाली, "तरव्यागत असतंय बघा.
लावला की चार दिवस पिवळा पडतोय,
वाटतंय गेला. मग धरतोय."
डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे,
पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःचं रक्त नसतं,
खालून पाझरेल त्यावर राहतो.
हलला की मेला.
"ओठ उचलून बघायचं नाही, सर. दोन आठवडे."

सगळ्यात अवघड तेच गेलं.

गार आंबील, गार दूध, डाव्या बाजूनं मऊ भात.
टाळूवर प्लास्टिकची पट्टी,
जीभ सारखी तिथं जाऊन यायची,
रांगोळी कुणी पुसली बघायला गेल्यासारखी.
चौदाव्या दिवशी टाके काढले, आरसा दिला.
आधी पांढरा पडलेला तुकडा लाल होऊन गुलाबी व्हायला लागलेला.
पण भोवतीपेक्षा फिका.
"रंग पुरता जुळत नसतोय. ठिगळ कळंल,
ओठ वर केला तरच."

पुढं तात्पुरता दात बसला.
त्याच आठवड्यात बोलावणं आलं, सत्काराचं.
परशराम हलगेकर स्वतः घेऊन आले,
दाताकडे बघून जरा हिरमुसले.
"गुरुजी, खूण बुजवलीत की."
मी चहा पुढं केला. च टाळूवर बरोबर लागला.

रात्री मोरीत नळ सोडून
एकटाच म्हणून बघितलं:
हातपंप.
त दातांवर स्वच्छ बसला.
पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.
आतल्या खोलीतून नातवानं विचारलं,
"काय आजोबा?"