आणखी थोडी चटणी

वसमत रोडला जिथं बियाण्यांचं दुकान होतं
तिथं आता केळीचे दोन खुंट बांधलेत
आणि पाटी लागलीय : तुंगा टिफिन्स.
आत अजून फवारणीच्या औषधाचा वास येतो.
उदबत्तीनं तो हटत नाही, हिंगानं हटतो.

मी जळालेल्या मोटारी भरून देतो.
उद्घाटनाच्या तिसऱ्याच दिवशी त्यांचा ग्राइंडर बसला,
डाळ अर्धी वाटलेली, मालक घामाघूम.
रात्री अकरापर्यंत तांब्याची तार गुंडाळत बसलो.
मजुरी त्यानं दिलीच, वर म्हणाला,
"मिस्त्री, भाभी को लेके आना.
पैसे का नाम लिया तो देखो."

प्रयाग तयार नव्हती.
"पीठ मळून ठेवलंय मी," म्हणाली.
मग कपाटातून निळी साडी काढली, जिची घडी
भाचीच्या लग्नानंतर मोडलीच नव्हती.

पंखा होता, पण तो
शेजारच्या टेबलासाठी फिरत होता.
तिथं पंचायत समितीचे ढगे साहेब
मसाला डोशाचा पोळीसारखा घास करून
सांबारात बुडवीत होते, आणि पोऱ्याला विचारत होते,
"कामून रे, ठेचा नाही ठेवत तुम्ही?"
पाणी मात्र अर्धा पेलाच ओततात.
परभणीत येऊन एवढं त्यांनी लगेच शिकून घेतलं.

डोसा आला. ताटाच्या दोन्ही अंगांनी बाहेर,
आखूड बाजेवर निजलेल्या उंच पाहुण्यासारखा.
सुरुवात कुठून करावी, मी बघत होतो.
पोऱ्या चटणीची बादली घेऊन पुढं निघाला होता
आणि प्रयाग मान वर न करता म्हणाली,
"इन्नू स्वल्प चटणी हाकप्पा."

पोऱ्या थांबला.
मीही.

सत्तावीस वर्षं.
ह्या बाईला मी तापात बरळताना ऐकलंय,
बाळंतपणात ओरडताना, नळावर भांडताना,
सगळं मराठीत.
भालकीकडची, एवढं माहीत होतं.
सोयरीक ठरली तेव्हा मामा म्हणाला होता,
"तिकडची आहे, पण बोलीची अडचण नाही."
नव्हतीच. ती तिनं
एकटीनं, कुणाला न सांगता काढून टाकली होती.

पोऱ्यानं गाव विचारलं. तिनं सांगितलं.
तो हुमनाबादचा निघाला,
आणि मग सुरू झालं ते,
पत्र्यावर हरभरे ओतावेत तसं.
तिचा आवाज खाली उतरला, जाड झाला,
हात हलायला लागले.
मध्येच माझ्याकडं बघून दोघं हसले.
भट्टीमागून म्हातारा आचारी
हात पुसत बाहेर आला, तिला "अक्का" म्हणाला,
आणि तिनं पदर सारखा केला.
माझा डोसा मऊ पडला.
मी आपला "हो, हो" म्हणत होतो,
बँकेतल्या साहेबापुढं म्हणतो तसं.

गाडीवर उड्डाणपुलापर्यंत दोघंही गप्प.
मग विचारलं, मिठाला काय म्हणता तुम्ही?
(तुम्ही म्हणालो मी. तिला. पहिल्यांदाच.)
"उप्पु."
आणि पिठाला?
"हिट्टू."

उप्पु, हिट्टू. उप्पु, हिट्टू.
मी गाडी हळू केली.
रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी,
स्टीलच्या ताटलीत, कडेला लिंबाची फोड,
"म्हंजे उप्पीट?"

"मग," मागून आवाज आला,
"तुम्हाला काय वाटलं, परभणीचं आहे का ते?"

घरी पीठ तसंच झाकलेलं होतं.
साडी न बदलताच तिनं तवा ठेवला,
दोन पोळ्या लाटल्या, एकटीच खायला बसली.
म्हणाली, भूक आहे अजून.
बोलण्यात खायचं राहूनच गेलं.