कळलं, पण वळलो नाही

जुबैलच्या कॅम्पात खोली एकोणीस.
माझा पलंग खिडकीशी, मुनाफ परकारचा दाराशी,
मध्ये प्लायवूडचं कपाट.
कपाटाला कान नसतात. मला आहेत.

काल रात्री हेडफोन लावून तो टोळीला सांगत होता,
हेडफोनवाल्यांना वाटतं आपण कुजबुजतोय:
"तिसऱ्या चंद्राआड थांबा. इंजिनं बंद.
टिटवी तिथूनच जाईल, पोटात पाणी भरून."

टिटवी माझं जहाज.
कप्तान इंदुलेखा, वय बावन्न, डावा डोळा काचेचा.
दोन वर्षं मी तिला वाक्यावाक्याने वाढवली.
तिला यातलं काही ठाऊक नाही.
कसं असेल?
ती चाळीस प्रकाशवर्षं दूर,
आणि कपाट जुबैलला.

दिवसा मी फ्लेअरच्या उजेडात व्हॉल्व्ह तपासतो.
गेज दाखवील तेवढंच लॉगबुकात.
चहाच्या टपरीवर कुणी सांगितलेलं प्रेशर
लिहायचं नसतं,
खरं असलं तरी.

आज बसलो. एसी टिटवीच्या इंजिनासारखा घरघरतो.
डावीकडे वळणं सोपं होतं.
कारणही तयार: काचेच्या डोळ्यात अचानक ठणका,
किंवा एखादं वाईट स्वप्न,
म्हातारा खलाशी, ज्याला हवेत वास येतो.
असले खलाशी मी पुष्कळ पाहिलेत.
ते नेमके आदल्या रात्री जन्मतात.

कळतं पण वळत नाही, असं आई माझ्याबद्दल सांगायची,
येईल त्या पाहुण्याला.
आज अकरा मिनिटं घाम गाळून
तेच केलं.
लिहिलं: "इंदुलेखा चहा मागवते.
मार्ग ठरलेला. वेग ठरलेला."

मग तिसरा चंद्र, आणि राणी काजळीची सात जहाजं.

एक गोष्ट आणखी ठाऊक होती.
मुनाफच्या उशीखाली फायनल एक्झिटचा कागद,
गुरुवारचं विमान. टोळीला सांगितलेलं नाही.
शेवटची लूट त्याला द्यावी, असं फार वाटलं.
पण इंदुलेखाला कुठला गुरुवार?
दयासुद्धा कपाटापलीकडूनच आली होती.
पाण्याच्या टाकीत तोफ होती, गेल्या रमजानपासून,
सगळ्यांसमोर लिहून बसवलेली,
सगळे विसरलेले.
तिने ती डागली.

पलीकडे खुर्ची सरकली. एक सणसणीत दाभोळी शिवी,
मग हसू, बराच वेळ.
"काल ऐकलंस ना रे सगळं?"
"ऐकलं."
"मग वळला का नाहीस?"
मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात
त्याने बॅग काट्यावर ठेवली.
चौतीस किलो. तीस चालतात.

हे मात्र मला ठाऊक असायला हरकत नव्हती.
आम्ही जमिनीवर बसून चार किलो काढले:
खजुराचे दोन डबे, एक इस्त्री,
आणि सेफ्टी शूज, जे तो म्हणाला
राहू देत,
तुझ्याच मापाचे आहेत.