मधला आवाज

जेल रोडवर चंदवानी काचेवर हेडफोन मांडतो,
काळे, लाल, एक निळ्या दिव्यांचा.
“दीदी, बेस देखो, बेस.”
आणि खरंच, माझी कवटी
अनंत चतुर्दशीच्या झांकीपुढल्या ढोलागत हादरते.

कुंदामावशी स्टुलावरून म्हणते, दे इकडे.
अंबाड्यावरून पट्टी चढवते,
एक कप कानावर, दुसरा कानामागे.
बत्तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये
उजवा कान सरकारचा होता तिचा,
डावा स्वतःचा.

गाणं अर्ध्यावर तोडून तिनं विचारलं,
“यात माणूस कुठंय?”
चंदवानी माझ्याकडे बघतो, मी चंदवानीकडे.
“खाली ढोल, वर घुंगरू, मध्ये सगळं पोकळ.
माणूस मध्ये बोलतो गं.
‘बाळंतीण सुखरूप’ असं कलकत्त्याहून कुणी सांगायचं
ते काय खर्जात सांगायचं?”

म्हणून मग बिनदिव्यांचा, राखाडी.
खोका फाटका, तीनशे कमी.

पट्टी कानशिलं आवळायची.
मावशीनं ती रात्रभर ताणून बसवली
चौऱ्याऐंशीच्या टेलिफोन डिरेक्टरीवर.
(फेकत नाही ती. अर्धे नंबर पाठ आहेत,
अर्धी माणसं गेली.)
मे महिन्यात रेक्झिन चिकटायला लागलं,
गालावर काळी सालपटं.
तेव्हा छावणीत रईसभाईकडे गेलो,
तो मोटरसायकलच्या सीटा शिवतो.
त्यानं कप उलटसुलट करून पाहिला,
म्हणाला, इतक्या छोट्या गाडीवर बसणार कोण?
मावशीनं पिशवीतून मलमल काढली,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
“रात्रपाळीला आम्ही असाच रुमाल बांधायचो,
साहेब ओरडायचा, सरकारी मालमत्ता आहे ती.”

कापडानं ढोल गळाला.
मग मागच्या पाच भोकांपैकी तिनांवर मी टेप लावली,
एक काढली, पुन्हा लावली.
आत कापूस कोंबला, चिमूटभर, मिठासारखा अंदाजाने.
फोनवर मधली दांडी दोन घरं वर.
“अजून एक,” मावशी.
गाणं नको म्हणाली तपासायला,
बातम्या लाव.

आता रात्री खेळताना
ओसाड शहरातली काच कुठल्या जिन्यावर करकरली
ते कळतं.
फार जिंकते असं नाही,
पण मरताना कुठून मेले ते समजतं.

गोटू माझ्या टीममध्ये. आठ महिने झाले.
सागरचा की सतन्याचा, विचारलं नव्हतं,
त्याच्या गोळ्या मात्र मोजायचे.
एकदा मावशीनं एक कप ओढून घेतला,
डोळे मिटले.
“हा इतका हळू का बोलतो?”
माईक खराब असेल.
“माईक नाही. मागे कुणी झोपलंय.
मोठं माणूस. श्वास अडकून अडकून येतोय.”

मी विचारलं.
बराच वेळ फक्त वारा, खेळातला.
“पापा हैं,” गोटू म्हणाला.
“अभी-अभी आँख लगी है उनकी.”

तेवढ्यात मागून कुणीतरी आलं,
स्पष्ट ऐकू आलं मला, डावीकडून, तीन पावलं,
आणि मी वळले नाही.

पडदा राखाडी झाला.
गोटू बोलत राहिला, तसाच, कुजबुजत,
कुठलं औषध, कुठला डॉक्टर,
ताई दिवसा बसते, रात्र त्याची.
मावशी कप कानाला दाबून बसलेली,
दुसरा हात मांडीवर, बोटं अशी
की जणू त्यांत एक वायर आहे
आणि ती ओढायची नाहीये.

नंतर म्हणाली,
तीन मिनिटं झाली की तोडायचा नियम होता.
घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं.
कधी कधी मी
बघायचेच नाही तिकडे.